मशीनच्या हिशेबाने थोरला

बहात्तर वर्षांच्या एका गृहस्थांनी काल मला चारचौघांत ‘दादा’ म्हटलं आणि वर स्वतःची खुर्ची देऊ केली. मी त्रेचाळीसचा आहे. रात्रभर विचार केला, पण राग नेमका कुणावर काढायचा ते अजून ठरलेलं नाही.

जिमच्या दारावर ‘शरीर-तपासणी मोफत’ असं लिहिलं होतं, म्हणून आत गेलो. यापलीकडे कारण नाही. तब्येत सुधारायचीय, पैसे नाहीत, अशा माणसाला ‘मोफत’ दिसल्यावर दुसरं काही दिसत नाही.

अनवाणी मशीनवर उभं राहायचं आणि दोन्ही हातांत दांड्या धरायच्या. मग अंगातून कळणारही नाही इतका बारीक वीजप्रवाह सोडतात. पाण्यातून वीज सरळ जाते, चरबीपाशी अडखळते, आणि ती किती अडखळली यावरून मशीन चरबीचा अंदाज करतं. अंदाज! कागदावर मात्र हा शब्द कुठेच नव्हता. कागदावर ठळक होतं : ‘शरीराचे वय ५७’.

माझ्यामागे हे गृहस्थ उभे होते. मी आपलं सौजन्य म्हणून बोललो, “आजोबा, सावकाश चढा हं.” तिथेच माशी शिंकली. ते टुणकन चढले, टुणकन उतरले. त्यांचा कागद आला : ५४.

“तुमचं किती?” त्यांनी विचारलं.

“आहे, बरं आहे,” मी कागदाची घडी घालत म्हटलं.

“सत्तावन्न,” ट्रेनर म्हणाला. गुप्तता बहुधा पैसे भरल्यावर मिळते.

आजोबांनी हवेत बोट फिरवून वजाबाकी केली. “म्हणजे तीन वर्षांनी थोरले तुम्ही! अहो, मग उभे काय राहिलात? बसा, बसा दादा.”

“अहो आजोबा, तसं नसतं...”

“आजोबा कुणाला म्हणता? धाकट्या भावाला?” मग रिसेप्शनवरच्या मुलीकडे वळून, “अगं, दादांना पाणी दे. या वयात मशीनवर चढ-उतार म्हणजे काय थट्टा आहे?”

तिने खरंच पाणी आणलं. ट्रेडमिलवरच्या दोघांनी वेग कमी केला, नीट ऐकू यावं म्हणून. आजोबा माझ्याशेजारी टेकले, गुडघ्यावर हात ठेवून आदराने जरासे वाकले आणि म्हणाले, “दादा, तुमच्या लहानपणी कसं होतं हो सगळं? रेडिओ वगैरे आला होता?”

ट्रेनरने संधी साधली. “सर, टेन्शन घेऊ नका. सहा महिन्यांत आपण पंधरा वर्षं कमी करू.” त्यासाठी वर्षाची फी एकदम भरायची होती. सहा महिन्यांच्या कामाला वर्षाची फी का, हे विचारायचं राहिलं, कारण तो पुढचं वाक्य बोलून गेला होता : “खर्च समजू नका सर, गुंतवणूक समजा.”

“दादांना लांब मुदतीची नको,” आजोबा गंभीरपणे म्हणाले.

मग प्रोटीनचा डबा निघाला. डब्यातल्या एका मापात साधारण चोवीस ग्रॅम प्रोटीन असतं. शंभर ग्रॅम कोरड्या मसुरातही जवळपास तेवढंच असतं आणि एका अंड्यात सहाएक ग्रॅम. हे मी बोलून दाखवलं. “पण सर, डाळीत कार्ब्ज असतात.” असतात की! दिवसभर काम करायचं तर तेही लागतात, आणि सोबत तंतूही मिळतात. धडधाकट मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला किमान ०.८ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन पुरतं, असं सांगितलं जातं. व्यायाम करणाऱ्याला जास्त लागतं, हे मान्य. मी अजून केलेला नव्हता.

या धंद्यात आकडे कुठून येतात बघा. रोज दहा हजार पावलं चाला, हे ऐकून मला वाटायचं की कुणीतरी बरीच माणसं चालवून, मोजून ते ठरवलं असेल. १९६५च्या सुमाराला जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विक्रीला आलं, त्याच्या नावात तो आकडा होता. तिथून तो जगभर चालत सुटला. पुढे २०१९ साली अमेरिकेत वयस्कर बायकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रोज ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्येही मृत्यूचं प्रमाण २,७०० चालणाऱ्यांपेक्षा बरंच कमी दिसलं, आणि ७,५०० च्या आसपास हा फायदा वाढायचा थांबला. उरलेली अडीच हजार पावलं मी इतकी वर्षं कुणासाठी चालत होतो, कोण जाणे. चपला झिजल्या त्या झिजल्याच.

आणि चालणं फुकट असतं, हेही अर्धंच खरं. आठवड्याला दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम करा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती मिनिटं कुठून आणायची ते नाही सांगत. दोन नोकऱ्या करणाऱ्याला कुणी ‘जिने चढा’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. तो दिवसभर दुसरं काय करतो? साखर, मैदा आणि तेल यांनी पोट स्वस्तात भरतं. भाज्या, फळं, अंडी घ्यायला गेलं की पिशवी अर्धी आणि पाकीट रिकामं. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४च्या अहवालात म्हटलंय की २०२२ मध्ये जगातल्या २८० कोटींहून जास्त लोकांना सकस आहार परवडत नव्हता. एवढ्या सगळ्यांची इच्छाशक्ती एकाच वेळी कमी पडली म्हणायची का? पण सल्ला ठरलेला : “सर, मनावर घ्या.” मनावर घेतलंय हो. बिलावर कोण घेणार?

जिन्यात आजोबांनी मला गाठलं. तेव्हा कळलं, ते गावातल्या सगळ्या मोफत तपासण्या करत फिरतात, तेही पायी. “इथलं मशीन जरा कडकच आहे. पलीकडच्या गल्लीतलं मला एकोणपन्नास दाखवतं. आणि आदल्या दिवशी नीट पाणी पीत जा, अंग कोरडं असलं की त्याला चरबी जास्त वाटते. मी भरतो का कुठे पैसे? छे!” मला त्या माणसाबद्दल आदर वाटायला लागला होता, तेवढ्यात त्यांनी माझा दंड धरून मला शेवटच्या पायरीवरून अलगद खाली उतरवलं.

आज सकाळी ट्रेनरचा फोन आला. ऑफर संध्याकाळपर्यंतच आहे म्हणे.

“ज्येष्ठांना सवलत आहे का?” मी विचारलं.

“आहे ना सर, साठच्या पुढे.”

“मग तीन वर्षांनी फोन करा.”