मुरघास म्हणजे विष? मामांच्या ग्रुपवरच्या त्या मेसेजला उत्तर

परवा मामांकडे गेलो तर मुरघासाची, म्हणजे हवाबंद करून मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याची, अख्खी बॅग उकिरड्यावर पडलेली. का, तर गावच्या ग्रुपवर मेसेज आला: मुरघास म्हणजे ॲसिड टाकून सडवलेला चारा, नोबेलवाल्या एका परदेशी माणसाने शोधलेला, ज्याने कधी गोठा बघितला नाही, त्यानेच गाईंना युरिया चारला, तो दुधात उतरतो आणि पोरांना कॅन्सर होतो. मामांनी गाई कोरड्या कडब्यावर आणल्या, आठ दिवसांत दूध चार लिटरने खाली. राग येणार नाही तर काय.

हा माणूस म्हणजे फिनलंडचा आर्तुरी विर्तानेन, 1945 चं केमिस्ट्रीचं नोबेल. गोठा बघितला नाही म्हणे! 1933 पासून हेलसिंकीजवळ त्याची स्वतःची शेती होती, आपल्या पद्धती तो तिथेच वापरून बघायचा. ओल्या चाऱ्यावर तो पातळ केलेलं ॲसिड टाकायचा हे खरंय, पण चारा सडू नये म्हणून, पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) 4 च्या खाली गेला की कुजवणारे जंतू थांबतात. आणि मामांच्या मुरघासात तर कोणी असलं ॲसिड टाकलंच नव्हतं. मका चिकात (दाणे दुधाळ) असताना कुट्टी, म्हणजे बारीक तुकडे, केली, दाबून हवा काढली की आतले जंतूच साखरेचं लॅक्टिक ॲसिड करतात, दह्यात असतं तेच.

आता युरिया, कारण सगळ्यात जास्त भीती याचीच घातलीय. अहो, गाईचं पोट आपल्यासारखं नाही. पहिल्या मोठ्या कप्प्यात कोट्यवधी जंतू असतात, ते युरियाचा अमोनिया करतात आणि त्यातून स्वतःच्या अंगात प्रोटीन बनवतात, मग तेच जंतू पुढे जाऊन गाय पचवते. गाय स्वतःसुद्धा लाळेतून युरिया त्या कप्प्यात परत पाठवते, कोणी चारला नाही तरी. विर्तानेनने प्रोटीन अजिबात नसलेल्या खाद्यावर, नुसत्या युरिया आणि अमोनियम क्षारांच्या नायट्रोजनवर गाई ठेवल्या आणि त्या दूध देत राहिल्या, 1966 साली 'सायन्स' या विज्ञानाच्या मासिकात छापून आलंय. दुधात थोडा युरिया मुळातच असतो, नुसतं गवत खाणाऱ्या गाईच्याही. म्हणून तर एफएसएसएआयने (अन्नाची तपासणी बघणारी सरकारी संस्था) 100 मिलीला 70 मिलिग्रॅमची मर्यादा ठेवलीय, शून्य नाही. दुधात वरून युरिया मिसळणं हा भेसळीचा गुन्हा, त्याचा चाऱ्याशी काय संबंध?

हां, एक मान्य करतो. युरिया जास्त झाला, पाण्यात कालवून पाजला किंवा लहान वासराला दिला तर जनावराचं पोट फुगतं, ते थरथरतं, काही तासांत मरूही शकतं. अंदाजाने ओंजळभर टाकायची वस्तू नाही ती, डॉक्टरांना विचारूनच.

कॅन्सरचं म्हणाल तर युरियाशी जोडायला मेसेजमध्ये एक ओळ पुरावा नाही. भीती बाळगायचीच तर बुरशीची बाळगा. बुरशी लागलेल्या चाऱ्यातलं, पेंडीतलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष खरंच दुधात उतरतं, आणि बुरशी भिजलेल्या कडब्यालाही लागते, त्यावर मेसेजवाला गप्प.

मामांची दुसरी बॅग काल उघडून बघितली. तोंडाशी चार बोटं बुरशीचा पांढरा थर होता, तो आजूबाजूच्या चाऱ्यासकट काढून फेकला. खाली पिवळट हिरवी कुट्टी, आंबट-गोड वास. आजपासून गाईमागे चार किलोने परत सुरू केलंय, आठवड्यात वाढवत नेऊ.