शीग

परवा आमच्या फ्लॅट स्कीमच्या गच्चीवर मिटिंग होती. विषय पाण्याची टाकी धुण्याचा. तो दहा मिनिटांत आटोपला आणि मग नेहमीसारख्या गप्पा सुरू झाल्या. युद्ध, महागाई, डाळीचे भाव. तिसऱ्या माळ्यावरचे काकाजी म्हणाले, "उद्या खरोखर धान्याची टंचाई आली ना, तरी आपल्या स्कीममध्ये कोणी उपाशी झोपणार नाही. आपण नागपूरकर आहो बाप्पा! वाटून खाऊ." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

जिना उतरताना मात्र लाज वाटली. कारण या विषयाची परीक्षा मी एकदा देऊन बसलो आहे आणि त्यात नापास झालो आहे. हे आजवर बायकोशिवाय कोणाला माहीत नव्हतं. आता तुम्हालाही सांगतो.

२४ मार्च २०२०. रात्री आठचं भाषण, त्याच मध्यरात्रीपासून एकवीस दिवस सगळं बंद. भाषण संपायच्या आधीच माझ्या पायात चप्पल होती. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानासमोर ही गर्दी. मी आणलं काय, तर कणकेच्या दहा-दहा किलोच्या दोन थैल्या, पाच किलो तूरडाळ, चार किलो साखर आणि मिठाचे सहा पुडे. घरात माणसं दोन! एक पुडा आम्हाला दीड महिना पुरतो. म्हणजे दुसरं काही मिळालं नाही तरी नऊ महिने मीठ खायची माझी सोय झाली होती. पिशव्या दिवाणात टाकल्या, वर गादी अंथरली, तेव्हा कुठे झोप लागली.

आमच्या वरच्या माळ्यावर दोन पोट्टे भाड्यानं राहायचे. गोंदियाकडचे, एमपीएससीची तयारी करणारे. त्यांची मेस बंद झाली. चौथ्या की पाचव्या दिवशी त्यातला एक दाराशी आला. तोंडाला रुमाल, हातात स्टीलचं गंज (म्हणजे पातेलं). "काका, थोडीशी कणीक आहे का जी? दुकानात संपली म्हणते. आली की परत आणून देतो."

मी आत गेलो. डब्यात वाटी बुडवली, ती डोंगरासारखी भरून वर आली. आणि मग माझ्या हातानं काय केलं ते मला आजही जसंच्या तसं दिसतं. उजवा तळहात वाटीवरून फिरला आणि वरची शीग परत डब्यात पाडली. अशा दोन सपाट वाट्या मी त्याच्या गंजात ओतल्या. वर म्हणालो, "आमच्याकडेही जरा कमीच आहे." तो बिचारा "हो काका, चालते" म्हणून गेला. त्याच्या पाठीमागे दार लावताना दिवाण माझ्याकडे पाहून राहिला होता.

आता मी काही कंजूष माणूस नाही. लग्नाच्या पंगतीत आग्रह करून वाढणारा, गणपतीच्या महाप्रसादाला दोन हजारांची पावती फाडणारा मी. मग त्या दिवशी हात का आखडला? यावर मी बराच विचार केला (लॉकडाऊनमध्ये दुसरं काम काय होतं), आणि माझ्यापुरतं उत्तर असं आहे की माणूस वाटतो की नाही हे त्याच्या दानतीवर ठरत नाही. उद्या काय होणार याची त्याला किती खात्री आहे, त्यावर ठरतं. घरात वीस किलो कणीक होती, पण उद्या नव्हता.

माझं लहानपण नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात गेलं. पाच बिऱ्हाडं, एक नळ. बाबा गिरणीत. पगार लांबला की महिन्याचा शेवटचा आठवडा सगळ्यांचाच ओढाताणीचा. रोज संध्याकाळी कोणाची ना कोणाची पोरगी वाटी घेऊन हिंडत असे. "आईनं वाटीभर तेल मागितलं जी, उसनं." आजीचा नियम एकच होता. देतानाही शीग, परत करतानाही शीग. सपाट वाटी दिली तर तिच्या लेखी ते देणं नव्हतंच. वाटी परत आली की ती रिकामी जात नसे, निदान साखरेचे चार दाणे, कढीपत्त्याचं एखादं डहाळं. ते दिलं की मग पुढचं मागायला दोघीही मोकळ्या.

याला माया म्हणू नका. भांडणंही भरपूर व्हायची. एकीनं चांगली कणीक नेऊन रेशनच्या लाल गव्हाची परत केली, तर आजीनं ती गोष्ट तिच्या नातीच्या लग्नापर्यंत लक्षात ठेवली होती. वही नव्हती, पण हिशोब सगळ्यांचा तोंडपाठ. दया मनात आली तर येते, नाही तर नाही. उसनं असं नसतं. ते उद्यावर टाकलेलं असतं. मी आज देतो कारण तू उद्या इथेच असशील, आणि परवा माझी पाळी येईल तेव्हा तुझं दार वाजवायला मला संकोच वाटणार नाही. गोंदियाचा पोरगा बरोबर तेच बोलला होता, "परत आणून देतो." मीच त्याला भिकेच्या मापानं मोजलं.

त्याच एप्रिलमध्ये आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींचा फोन आला. येणं बंदच होतं, पगार मी देत होतो, तेवढं तरी केलं. त्या म्हणाल्या, "दादा, तांदूळ आहे का घरी? आमच्याकडे भल्ला झाला. नेहमीचं रेशन उचललं, वरून माणशी पाच किलो फुकटचा आला. पोट्ट्याच्या हातानं पाठवू का?" मला एकदम भरून आलं, की पाहा, गरिबाचं मन केवढं मोठं! मी तसं काहीतरी बोललोही. त्या हसल्या. म्हणाल्या, "मन कायचं जी, पुढच्या महिन्यात येतेच ना आणखी."

येतेच ना आणखी! त्यांच्याकडे रेशन कार्ड होतं, म्हणजे उद्या होता. माझ्याकडे फक्त थैल्या होत्या.

आणि ही गोष्ट इथेच थांबवली तर ती खोटी होईल. त्याच मावशींनी नंतर सांगितलं की त्यांच्या गल्लीच्या टोकाला छत्तीसगडच्या मजुरांची दोन घरं होती. ठेकेदार पळाला, कार्ड गावी. त्यांना वस्तीतून कोणी कोरडा दाणा दिला नाही. "ते आज हायेत, उद्या निघून जातील. त्याईले काय उसनं द्याव?" त्यांना मिळालं ते बाहेरच्या लोकांनी आणलेलं पाकीटबंद जेवण. कार्ड नसलेल्या स्थलांतरितांना माणशी पाच किलो देण्याची घोषणा झाली ती मे महिन्यात, तोवर ते पायी निघून गेले होते. म्हणजे माझ्या सिद्धांताची दुसरी बाजूही तितकीच खरी. उसन्याच्या वर्तुळात जो नाही, त्याच्यासाठी गरिबाची वाटीसुद्धा बाहेर निघत नाही.

आपल्याकडे दुष्काळ आणि वाटप म्हटलं की मंगळवेढ्याचे दामाजीपंत आठवतात. कोठार उघडलं, लोक वाचले, आणि बेदरच्या बादशहाकडे विठोबा विठू महार होऊन पैसे भरून आला. लहानपणी कीर्तनात ही गोष्ट ऐकताना अंगावर काटा यायचा. आता वाटतं, एक साधी गोष्ट आपण लक्षातच घेत नाही की दामाजीपंतांनी वाटलं ते सरकारी कोठार होतं! घरची कणगी नव्हे. मोठी भूक वाटीनं भागत नाही, तिला कोठारच लागतं. १९७२ च्या दुष्काळातही तेच झालं. मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्र होरपळला, आपल्या विदर्भात झळ त्यामानानं कमी. पण रेशनचा लाल अमेरिकन मिलो (ज्वारीचाच प्रकार) आईनं इथेही थापला, आणि त्या भाकरीला ती शेवटपर्यंत शिव्या देत होती. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात सुमारे पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडली, बंधारे बांधले, मजुरी घेतली, कामावर वाटलेली सुकडी खाल्ली. हाल झाले, गुरं गेली, पण जुन्या दुष्काळांसारखी माणसं पटापट मेली नाहीत. ती शेजाऱ्याच्या दयेवर असती तर काय झालं असतं, कोण जाणे.

अमर्त्य सेन यांनी सांगितलेली एक आठवण माझ्या डोक्यातून जात नाही. १९४३ चा बंगालचा दुष्काळ, सेन तेव्हा नऊ-दहा वर्षांचे. दारात भुकेली माणसं येत, आणि त्यांना तांदूळ द्यायची परवानगी या मुलाला होती, पण माप ठरलेलं. सिगारेटचा डबा. घरच्यांचा विचार असा की येणारे पुष्कळ, जास्तीत जास्त जणांना पुरलं पाहिजे. त्या दुष्काळात तीस लाखांच्या आसपास माणसं गेली. पुढे सेन यांनी दाखवून दिलं की धान्य काही संपलं नव्हतं, ते विकत घ्यायची ऐपत मजुरांकडे उरली नव्हती. माझी अडचण त्या सिगारेटच्या डब्याशी आहे. त्या घरानं माप धरलं ते दहाव्या माणसाला मिळावं म्हणून. मी तळहात फिरवला तो दहावा माणूस येऊच नये म्हणून. दोन्हीकडे डबा सपाटच.

आता कोणी म्हणेल, आणि बरोबर म्हणेल, की नागपूरजवळच्या पांजरीच्या टोलनाक्यावर काय होतं मग? २०२०च्या मे महिन्यात हैदराबादकडून उत्तरेकडे चालत निघालेली माणसं तिथे येत होती. पंचेचाळीसच्या उन्हात. नागपूरच्या लोकांनी त्यांना जेवण दिलं, ताक दिलं, चपला दिल्या. ती माणसं काही परत करायला येणार नव्हती, इथे कुठलं उसनं? इथे माझं म्हणणं अडतं, कबूल आहे. मी स्वतः दोनदा पोळ्या पाठवल्या. शिगेच्या.

पण तेव्हा मे होता. किराणा सुरळीत झाला होता, माझी भीती ओसरली होती. मीच तो, पण मार्चमधला नव्हे. आणि दुसरं, मी पोळ्या दिल्या, कणीक नाही. नीट पाहा, आपण शिजलेलं चटकन देतो. शिजलेलं अन्न नागपूरच्या उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत उतरतं, ते द्यावंच लागतं. कोरडं धान्य म्हणजे उद्या, आणि तो कोणी सहज देत नाही. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली, तेव्हा आमचा एक मित्र अंबाझरी लेआउटमध्ये तळमजल्यावर अडकला होता. फ्रीज तरंगत होता, गव्हाची कोठी चिखलात. वरच्या माळ्यावर चार कुटुंबं जमली आणि घरात होतं नव्हतं त्याची खिचडी झाली. तो अजून त्या खिचडीची चव सांगतो. मी त्याला विचारलं, दुकानं महिनाभर उघडणार नाहीत असं त्या सकाळी कळलं असतं तर? तो जरा थांबला. म्हणाला, "खिचडी झाली असती. पण पातळ झाली असती."

मला या उत्तराएवढं प्रामाणिक उत्तर या विषयावर कोणी दिलेलं नाही.

राहता राहिले माझे मिठाचे सहा पुडे. ते पुरले. कणकेच्या दुसऱ्या थैलीत जुलैत जाळी झाली, आळ्या निघाल्या. बायकोनं एक शब्द न बोलता ती गाईला घातली. ते पोट्टे जूनमध्येच गावी गेले होते. जायच्या आधी एक जण कणीक परत करून गेला. दोन वाट्या घेतल्या होत्या, पिशवी किलोभराची होती. मी "अरे कशाला" म्हणालो आणि घेतली.

गच्चीवरून उतरलो त्या दिवशी मी बायकोला म्हटलं, आपल्या स्कीममध्ये शेवटचं उसनं कोणी मागितलं होतं? तिला आठवेना. आता साखर संपली तर फोनवर दोन बोटं दाबली की दहा मिनिटांत गाडी खाली. शेजारी मागायला जाण्याची लाज आपण मोठ्या सोयीनं संपवली, आणि त्यासोबत दार वाजवायची सवयही. टंचाईच्या दिवशी काकाजी वाटून खातील हो, पण कोणासोबत? २०४ मध्ये राहणाऱ्यांचं आडनाव मला ठाऊक नाही. ते आमच्या डोक्यावर राहतात.

म्हणून काल मुद्दाम प्रयोग केला. घरात सांबार नव्हता (पुण्याच्या मंडळींनो, कोथिंबीर), आणि तो अ‍ॅपवरून न मागवता मी वर जाऊन २०४ ची बेल दाबली. तरुण बाई आहेत, कुठल्याशा बँकेत काम करतात. आधी त्यांना वाटलं मी मेंटेनन्सचे पैसे मागायला आलो. मग हसल्या, फ्रीजमधून मूठभर सांबार काढला, वाटीत घालून दिला. मी म्हटलं, उद्या आणून देतो.

"अहो राहू द्या काका, परत काय करता एवढंसं!"

त्या चांगुलपणानंच बोलल्या. पण त्या एका वाक्यात त्यांनी उसन्याचं दान करून टाकलं आणि खातं बंद! आता मला त्यांच्याकडे पुन्हा जायला संकोच वाटणार आणि त्यांना माझ्याकडे यायला.

बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "वाटी तर त्यांचीच आहे ना? ती काही ठेवून घेणार नाही आपण." उद्या ती पाटवडी करून राहिली आहे. शिजलेलं नको, मी म्हटलं, कोरडं काहीतरी घाल. यावरून सध्या आमच्या घरात वाद सुरू आहे.