टाचेमागची ‘शीर’ आणि पंधरा दिवसांच्या आरामाचा सल्ला

टाचेच्या मागे किंवा घोट्याजवळ दुखू लागले की आप्तेष्टांकडून हमखास येणारा एक संदेश आहे. त्याचा आशय असा: ‘ही शीर सुजली आहे. पंधरा दिवस पाय पूर्ण आरामात ठेवा, सूज उतरण्याच्या गोळ्या घ्या, पायरीवर उभे राहून शीर चांगली ताणा. तरीही दुखणे थांबले नाही तर एक इंजेक्शन पुरते. चालता येत असेल तर काही तुटलेले नाही, काळजी नको.’ या सल्ल्यात थोडे तथ्य आहे आणि बरीच चूक आहे, आणि त्यापायी माणसे महिनोन्महिने दुखणे अंगावर काढतात. म्हणून त्यातील एकेक विधान तपासून पाहू.

सुरुवात ‘शीर’ या शब्दापासूनच करावी लागते, कारण बोलताना आपण रक्तवाहिनी, मज्जातंतू आणि कंडरा या तिन्हींना शीर किंवा नस म्हणतो. येथे प्रश्न कंडरेचा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या चिवट दोराचा आहे, आणि घोट्याभोवती असे दोर अनेक आहेत. पोटरीच्या स्नायूंना टाचेच्या हाडाशी जोडणारी अकिलीस कंडरा त्यांपैकी सर्वांत जाड आहे. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत ती धरून वरपासून खालपर्यंत दाबत आल्यास दुखरी जागा बहुधा नेमकी सापडते: काहींना ती टाचेच्या हाडापासून 2 ते 6 सेंटिमीटर वर असते आणि तेथे कंडरा गाठीसारखी जाड लागते, तर काहींना ती थेट हाडाच्या जोडावर असते. हा भेद उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. बाहेरच्या घोट्यामागचे दुखणे, विशेषतः पाय मुरगळल्यानंतरचे, तेथून जाणाऱ्या पेरोनियल कंडरांचे असू शकते. टाचेच्या खाली, तळव्याकडून, सकाळच्या पहिल्या पावलाला उठणारी कळ मात्र बहुतेक वेळा कंडरेची नसून तळव्यातील पट्ट्याची असते.

आतल्या घोट्यामागचे दुखणे मला अधिक गंभीर वाटते. तेथून जाणारी कंडरा पायाची कमान तोलून धरते. त्या पायावर एकट्याने उभे राहून टाच उचलता येत नसेल, कमान दिवसेंदिवस खाली बसत असेल, किंवा मागून पाहणाऱ्याला त्या पायाची बाहेरच्या बाजूची बोटे दुसऱ्या पायापेक्षा जास्त दिसत असतील, तर हाडांच्या तज्ज्ञाला लवकर दाखवावे, कारण उशीर झाल्यास पायाचा बदललेला आकार कायमचा होऊ शकतो.

आता सुजेविषयी. जुनाट दुखऱ्या कंडरेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता दाहाच्या, म्हणजे सूज आणणाऱ्या, पेशी फारशा आढळत नाहीत. समांतर असायला हवेत ते कोलॅजन या प्रथिनाचे तंतू विस्कटलेले आणि त्यांच्यामध्ये बारीक रक्तवाहिन्या वाढलेल्या दिसतात. म्हणूनच दाह सुचवणाऱ्या ‘टेंडिनायटिस’ऐवजी आता ‘टेंडिनोपथी’, म्हणजे कंडरेचा विकार, हा शब्द वापरला जातो. गोळ्यांनी काही दिवस कळ कमी होईल, पण विस्कटलेले तंतू त्यांनी सरळ होत नाहीत.

पूर्ण आरामाचा सल्ला सर्वांत पटण्यासारखा वाटतो, आणि माझ्या मते सर्वाधिक नुकसान तोच करतो. कंडरा तिच्यावर पडणाऱ्या भारानुसार घडते. भार अचानक वाढला तर ती दुखावते, हे खरे. पण भार पूर्णपणे काढून घेतला तर ती आणि पोटरी दोन्ही दुबळ्या होतात, आणि पंधरा दिवसांनी पूर्वीइतके चालायला किंवा धावायला सुरुवात करताच दुखणे परत येते. म्हणून उड्या, चढ आणि वेगाने धावणे काही काळ कमी करावे, पण चालणे थांबवू नये आणि पोटरीचा व्यायाम सुरू करावा. स्वीडनमधील अस्थिशल्यचिकित्सक अल्फ्रेडसन यांनी 1998 मध्ये हौशी धावपटूंवर केलेला अभ्यास या बाबतीत दिशा देणारा ठरला: पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभे राहून दुखरी टाच सावकाश खाली न्यायची, 15 वेळा, असे 3 संच, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा वाकवून, दिवसातून दोनदा, 12 आठवडे. अभ्यास केवळ 15 जणांचा होता, पण ते पंधराही जण पुन्हा पूर्वीसारखे धावू लागले. वजन घेऊन सावकाश केलेला व्यायामही तितकाच उपयोगी पडतो, हे पुढील अभ्यासांत दिसले.

व्यायाम करताना थोडे दुखले म्हणून घाबरू नये. दहापैकी पाचपर्यंतची वेदना सहसा चालते. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर कंडरा आदल्या दिवसापेक्षा अधिक आखडलेली वाटली, तर भार जास्त झाला असे समजून तो कमी करावा. फरक दिवसांत नव्हे, महिन्यांत पडतो.

पायरीवर ताणण्याचा सल्ला सरसकट देणे चूकच आहे. दुखणे हाडाच्या जोडावर असेल तर टाच पायरीखाली गेल्यावर कंडरा हाडावर दाबली जाते आणि दुखणे वाढते. अशा वेळी व्यायाम सपाट जमिनीवर करावा आणि बुटात टाचेखाली छोटी उंच गादी ठेवावी.

इंजेक्शनच्या बाबतीत अधिक सावध राहावे, कारण अकिलीस कंडरेत स्टेरॉइड दिल्यावर ती तुटल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि लिव्होफ्लॉक्सासिन या गटातील प्रतिजैविकांनीही कंडरा दुखावू किंवा तुटू शकते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2008 मध्ये या गोळ्यांवर तसा ठळक इशारा छापायला लावला. साठीच्या पुढे आणि सोबत स्टेरॉइड चालू असताना हा धोका वाढतो. अशी गोळी चालू असताना टाचेमागे दुखू लागले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

राहिले शेवटचे विधान: चालता येते म्हणजे तुटलेले नाही. अकिलीस कंडरा पूर्ण तुटूनही माणूस लंगडत चालू शकतो आणि पाऊल खालच्या दिशेने हलवूही शकतो, कारण इतर कंडरा ते काम थोडेफार करतात. कोणीतरी मागून लाथ मारल्यासारखे वाटले, ‘फट्’ असा आवाज आला किंवा टाचेच्या वर बोटाला खळगा लागला, तर रुग्णाला पालथे झोपवून पावले पलंगाच्या कडेबाहेर राहू द्यावीत आणि पोटरी दाबून पाहावी. चांगल्या पायाची पोटरी दाबताच पाऊल खाली झुकते. तुटलेल्या कंडरेच्या पायाचे पाऊल जागचे हलत नाही. तसे दिसले तर पायावर भार न देता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.