आमच्या घरची शी-वही

लग्नाच्या पहिल्या वर्षी बायकोचे मेसेज यायचे ते 'जेवलास का?' असे. हल्ली दुपारी दीडच्या सुमारास, नेमका मी डबा उघडल्यावर, मेसेज येतो: 'पातळ. हिरवट. गाजर जसंच्या तसं.' मी घास गिळतो आणि विचारतो: 'वास?' 'आंबूस,' असं उत्तर येतं आणि मी दुसरा घास घेतो. समोर बसणारे सहकारी हल्ली समोर बसत नाहीत.

सुरुवात झाली ती साध्या उलट्या-जुलाबांनी. कन्यारत्न तेव्हा एकोणीस महिन्यांचं. तीन दिवस घरात कुणी झोपलं नाही. थोड्या थोड्या वेळाने चमचा-चमचा ओआरएस पाजायचं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. आतड्यात साखर आत शिरताना मिठाला बरोबर घेऊन जाते आणि त्या दोघांच्या मागोमाग पाणी जातं, ही त्यामागची योजनाही त्यांनी समजावून सांगितली. योजना उत्तमच आहे. फक्त साखर-मीठ आतड्यापर्यंत पोचायचं तर आधी तोंड उघडावं लागतं, आणि बाईसाहेबांनी दात आवळले की आवळले. अर्धा चमचा माझ्या शर्टावर, पाव चमचा तिच्या कानात, उरलेला पोटात, अशा हिशेबाने आम्ही तीन दिवस काढले. चौथ्या दिवशी उलट्या थांबल्या, ताप उतरला आणि बाईसाहेब उठून सोफ्यावर उड्या मारू लागल्या. सुटलो, असं आम्ही म्हणालो. जुलाब म्हणाले, आम्ही राहतो अजून थोडे दिवस.

राहिले ते दोन महिने.

गंमत अशी की पोट तिचं बिघडलेलं, पण तोंडं आमची उतरलेली. दिवसातून चार-पाच वेळा ती खेळता खेळता थबकायची, एक हात टेबलाच्या पायावर ठेवून दूर क्षितिजाकडे बघायची, चेहऱ्यावर थोर विचारवंताचे भाव यायचे, आणि मग काहीच न घडल्यासारखी पुन्हा ठोकळे रचायला लागायची. खायची मजेत, झोपायची गाढ. आजारी होतो ते आम्ही तिघं. माझ्या आईचं निदान पहिल्या दिवसापासून ठाम होतं: "दात येतायत." बारा दात झाले, चौदा झाले, सोळा झाले, तरी आई पुढच्या दाताकडे बोट दाखवायची.

मी पेशाने हिशेबनीस. संकट आलं की मी रकाने आखतो. दोनशे पानी वही आणली आणि दहा रकाने पाडले: तारीख, वेळ, काय खाल्लं, किती खाल्लं, रंग, घट्टपणा, वास, रडली का, बूड लाल का, आणि साक्षीदार. वहीवर मी 'आहार व उत्सर्जन नोंद' असं लिहिलं होतं. घरात तिला शी-वही म्हणतात. आईने वहीला हात लावायला साफ नकार दिला. "तुला वाढवलं तेव्हा मी काही लिहून ठेवलं नाही," ती म्हणाली. "ठेवलं असतं तर आज तुझ्या बायकोला वाचायला दिलं असतं."

सगळ्यांत जास्त भांडणं झाली ती घट्टपणाच्या रकान्यावरून. यासाठी एक ब्रिस्टल स्टूल चार्ट असतो. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या संशोधकांनी तो 1997 साली प्रसिद्ध केला. त्यात शीचे सात प्रकार आहेत. एक नंबर म्हणजे सुट्या कडक गोळ्या, चार नंबर म्हणजे सापासारखी गुळगुळीत, मऊ आणि अखंड, जिच्यासाठी माणसाने आयुष्यभर झटावं अशी. सात नंबर म्हणजे निव्वळ पाणी, ज्यात घन तुकडा एकही नको. आता आमची अडचण बघा. पाणी होतं, पण त्यात मटार तरंगत होते. मग हा सहा की सात? रात्री अकरा वाजता, हातात टॉर्च घेऊन, दोन पदवीधर माणसं एका डायपरवर ओणवी होऊन हुज्जत घालतायत, हे दृश्य ज्याने बघितलं नाही त्याला संसार काय ते कळलं नाही.

"सात."

"मटार दिसत नाहीयेत का तुला?"

"मटार पाहुणे आहेत. ते धरायचे नाहीत."

शेवटी आम्ही साडेसहा लिहायचो. ब्रिस्टलवाल्यांना हे कळलं तर ते काय म्हणतील कोण जाणे.

ते मटार मात्र बघण्यासारखे असत. धुऊन सोललेल्या मटारांच्या वाटीत परत टाकले असते तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण त्यात भिण्यासारखं काही नसतं म्हणे. मटाराच्या सालीतलं सेल्युलोज कुठल्याच माणसाला पचत नाही. मोठी माणसं चावून खातात म्हणून त्यांना पुरावा सापडत नाही, एवढंच. बाईसाहेब चावण्यावर वेळ घालवत नाहीत.

तोपर्यंत बातमी नातेवाइकांत पसरली होती आणि दुधाविरुद्ध मोर्चेबांधणी सुरू झाली होती. मावशीने फोनवर सांगितलं, दूध बंद करा. शेजारच्या काकूंनी सांगितलं, दूध बंद करा. ऑफिसातला एक जण म्हणाला, ॲलर्जी असेल. दुसरा म्हणाला, लॅक्टोज असेल. आणि मी दोघांनाही हो म्हणालो, कारण मला दोन्ही एकच वाटत होतं. ते तसं नसतं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर आतडं काढून दाखवलं. आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे बारीक उंचवटे असतात. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, तोडणारं लॅक्टेज नावाचं पाचक द्रव्य त्या उंचवट्यांवरच असतं. जुलाबांच्या साथीत हे उंचवटे झिजतात. मग ते पुन्हा उगवेपर्यंत, म्हणजे काही आठवडे, दुधातली साखर न तुटता मोठ्या आतड्यात पोचते. तिथले जीवाणू तिच्यावर ताव मारतात. गॅस होतो, आंबटपणा वाढतो, पाणी ओढलं जातं आणि बूड लाल होतं. ॲलर्जीचं प्रकरण निराळं. तिथे शरीराची संरक्षणव्यवस्था दुधातल्या प्रथिनालाच शत्रू समजते आणि थोड्याशा दुधानेही बिनसू शकतं. मला हे सगळं स्वच्छ कळलं. दवाखान्याचा जिना उतरेपर्यंत.

"दोन आठवडे लॅक्टोज बंद करून बघा," त्या म्हणाल्या, "आणि मग परत देऊन बघा. परत दिल्याशिवाय काही सिद्ध होत नाही."

दूध बंद करणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात फ्रीजचं दार उघडता येणारं दोन वर्षांखालचं माणूस आहे त्यांनाच कळेल. फ्रीज उघडल्याचा आवाज तिला झोपेतही ऐकू येतो. तिच्यासमोर दुधाचा चहा पिणं म्हणजे क्रौर्य, म्हणून आम्ही तिघं मोठी माणसं आळीपाळीने बाथरूममध्ये उभं राहून चहा पीत होतो. एकदा बाहेरून दारावर इवल्या मुठी आपटू लागल्या. मी चटका सोसून चहा एका घोटात संपवला, तोंड पुसलं, बाहेर आलो. तिने मला उचलून घ्यायला लावलं, माझं तोंड हुंगलं आणि "दूदू" असं म्हणून हंबरडा फोडला.

दुकानात मी पाकिटांची पाठ वाचू लागलो. बिस्किटात दुधाची पावडर, ब्रेडमध्ये दुधाचे घन पदार्थ, सूपच्या पाकिटातसुद्धा काहीतरी व्हे. दूध किती ठिकाणी लपून बसलेलं असतं! तिसऱ्या दिवशी वहीत चक्क पाच नंबर पडला. बायकोने त्याभोवती चौकट काढली. सहाव्या दिवशी पुन्हा साडेसहा, मटारासह.

मग मी एका रात्री जागून बरंच काही वाचलं आणि सकाळी गहू बंद केला. स्वतःच्या अखत्यारीत. चार दिवसांनी डॉक्टरीणबाईंना हे अभिमानाने सांगितलं, तर त्यांनी पेन खाली ठेवलं. सीलिॲक म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होण्याचा आजार, आणि त्याची रक्ततपासणी ही त्या ग्लूटेनमुळे शरीराने उभ्या केलेल्या प्रतिपिंडांचा शोध घेते. ग्लूटेन आधीच बंद केलं की प्रतिपिंडं ओसरतात आणि आजार असला तरी रिपोर्ट कोरा येऊ शकतो. "चोर पकडायच्या आधी तुम्ही त्याला गावाला पाठवताय," त्या म्हणाल्या. चारच दिवस झालेत म्हणून निभावलं. गहू पुन्हा रोज सुरू करा, मग रक्त घेऊ. मी मान खाली घालून बाहेर आलो. बायको जिन्यात काही बोलली नाही. घरी आल्यावर तिने वहीत, माझ्या त्या चार दिवसांवर, तांबडी रेघ मारली.

रक्त देताना जे झालं त्याबद्दल मी लिहिणार नाही. पण शीच्या नमुन्याबद्दल लिहायलाच हवं. परजीवी वगैरे आहेत का बघायला ताजा नमुना हवा होता. लॅबने एक छोटी डबी दिली, जिच्या झाकणालाच चिमुकला चमचा जोडलेला असतो. हा चमचा ज्याने शोधला त्याच्या बुद्धीला आणि काळजाला माझा नमस्कार. डायपर सगळं शोषून घेतं, म्हणून आत प्लास्टिकची पातळ फिल्म लावून ठेवायची, असंही सांगितलं होतं. लावली. आणि दोन महिने दिवसाला पाच वेळा न चुकता हजेरी लावणाऱ्या बाईसाहेबांनी त्या दिवशी संप पुकारला. सकाळी नाही, दुपारी नाही. संध्याकाळ झाली तरी नाही. ती चालली की फिल्म चुरचुरायची, ती थांबून मागे बघायची आणि खूश होऊन पुन्हा चालायची. टेबलाचा पाय धरला की आम्ही तिघं श्वास रोखायचो. ती फक्त टेबलाचा पाय बघत असायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाआठला, मी बूट घालत असताना, क्षितिजाकडे नजर लागली. पुढचं सगळं युद्धपातळीवर. डबी भरली, झाकण घट्ट लावलं, तीन पिशव्यांत गुंडाळली, आणि हाताला लागली त्या माझ्या डब्याच्या पिशवीत ठेवून मी निघालो. लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचे काका भेटले.

"काय, आज काय आहे डब्यात?"

मी खोटं फार वाईट बोलतो. "मटार," म्हणालो.

रिपोर्ट सगळे स्वच्छ आले. काहीच सापडलं नाही याचा आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण त्यात थोडा वैताग होताच. दोन महिने रकाने भरलेल्या माणसाला खाली बेरीज हवी असते. आई म्हणाली, "म्हणजे दातच."

शेवटच्या खेपेला आई मुद्दाम बरोबर आली. डॉक्टरीणबाईंनी बाईसाहेबांना काट्यावर उभं केलं, आलेखावर ठिपका काढला. "वजन वाढतंय. शीमध्ये रक्त नाही, ताप नाही, रात्री झोपेतून उठून शी नाही. यातलं काहीही असतं तर मी तुमच्या वहीला इतकं हसले नसते." आणि मग त्यांनी ती वही पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. असा वाचक मला पुन्हा लाभणार नाही. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "खाण्याचं सगळं आहे. ही पिते काय?"

वहीत पिण्याचा रकानाच नव्हता.

"पाणी," मी म्हणालो.

"आणि सफरचंदाचा रस," बायको म्हणाली. "थोडाच. संध्याकाळी."

"अगं, मी पण सकाळी देतो," मी म्हणालो. "दूध बंद झाल्यापासून. तिला वाईट वाटू नये म्हणून."

आम्ही दोघांनी हळूच आईकडे बघितलं. आई छताकडे बघत होती. "दुपारी देते," ती म्हणाली. "आजारातून उठलेली पोर. शक्ती नको का यायला? आणि मग चारला."

बेरीज केली. हिशेबनीस मीच. रोजचा जवळजवळ अर्धा लिटर.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2017 साली सांगून ठेवलंय, की एक ते तीन वर्षांच्या मुलाला फळांचा रस दिवसाला फार तर 120 मिलिलिटर. सफरचंदाच्या रसात ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोज, म्हणजे फळातली साखर, जास्त, वर सॉर्बिटॉल हा साखरेचाच भाऊबंद. छोट्या आतड्याला हे सगळं आत घेणं झेपत नाही. जे उरतं ते खाली जाताना पाण्याला हाताला धरून नेतं. म्हणजे दुधाच्या साखरेवर आम्ही दोन आठवडे पहारा ठेवला आणि फळाच्या साखरेला मागच्या दाराने चार वेळा आत घेतलं. शिवाय 'पोटाला हलकं' म्हणून लोणी आणि तेल आम्ही तोडलं होतं. आता कळलं की स्निग्ध पदार्थांमुळे अन्न पोटात जरा रेंगाळतं, आणि आम्ही ते काढून रस्ता आणखी मोकळा करून दिला होता. या प्रकाराला टॉडलर्स डायरिया, म्हणजे नुकत्या चालू लागलेल्या मुलांचे जुलाब, असं नावच आहे. धडधाकट मुलांना होतो आणि वयाबरोबर जातो. घरी जाऊन दूध सुरू करा, लोणी सुरू करा, रसाऐवजी फळ द्या. "आणि पिण्याचा रकाना?" मी विचारलं. "वही बंद करा," त्या म्हणाल्या.

वही बंद केली नाही. अकरावा रकाना आखला.

रस सोडवणं दूध सोडवण्याहून अवघड गेलं. आम्ही दररोज पाणी वाढवत गेलो: आधी पाणी घातलेला रस, मग रस घातलेलं पाणी, मग नुसती रसाची आठवण असलेलं पाणी. ती पेला उजेडाकडे धरून बघायची आणि मग माझ्याकडे. त्या नजरेला मी आजही उत्तर देऊ शकत नाही. आईकडून मी कबुली घेतली की दुपारी एक थेंबही देणार नाही आणि जे देईल ते वहीत लिहील. आई म्हणाली, "बघू."

परवा महिन्याच्या बैठकीत सगळे गंभीर चेहऱ्याने बसले होते. फोन थरथरला. बायकोचा मेसेज होता: 'चार.'

नुसतं चार. टिंबसुद्धा ठसठशीत. मी तो मेसेज तीनदा वाचला. साहेबांनी मला काहीतरी विचारलं, आणि मी भरल्या गळ्याने कशाला तरी हो म्हणालो. त्याचे परिणाम पुढच्या तिमाहीत कळतील.

संध्याकाळी पुन्हा फोन थरथरला. 'लाल!!! लवकर ये.'

पोटात गोळा आला. मी बॅग तशीच टाकून पळत सुटलो. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर होतो, तेवढ्यात पुढचा मेसेज आला.

'थांब. बीट खाल्लंय. आईंनी दिलं. वहीत लिहायचं राहिलं म्हणतायत.'