बांध सगळ्यांनी घातला, यादी कुणी केली?

नमस्कार.

शेतीतून विषमता कशी आली यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: शेतीतून विषमता आली हा बाहेरून उसना आणलेला सिद्धांत आहे, गोव्यात गावकारीची, म्हणजे गावाचा कारभार पाहणाऱ्या जुन्या गावसंस्थेची, जमीन सामाईक होती, मग कसली विषमता, आणि परशुरामाच्या कथेला 'सामायिक कल्पना' म्हणणं हा श्रद्धेचा अपमान. शिवाय मी एसीत बसून शेतीवर लिहितो. (पंखा आहे. तोही कुरकुरतो.)

आधी पटलं ते. 'भात आलं आणि मागोमाग भाटकार आला' हे भाटकाराबद्दलचं, म्हणजे जमीनदाराबद्दलचं, माझं वाक्य कानाला गोड, पण चूक. भाटकार भातातून आलेला नाही, भाटातून, म्हणजे माडांच्या बागायतीतून आलाय. शिवाय उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचे लोक शेती न करता सामन माशांवर जगत, तरी त्यांच्यात सरदार होते आणि गुलामही. उलट तुर्कस्तानातल्या चाताल्होयूकला सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी हजारो माणसं शेती करून राहत होती. तिथल्या उत्खननात राजवाडा मिळालेला नाही, घरंही साधारण एकसारखी. तेव्हा शेती आली की विषमता आलीच, हे मी मागे घेतो.

गावकारीचं मात्र मागे घेत नाही. खाजन, म्हणजे खाडीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेलं शेत, तुम्ही पाहिलंच असेल. चिखल, पेंढा आणि चिरे यांचा बांध, बांधात मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर करणारी मोरी. भरतीचं पाणी चढलं की तिची लाकडी दारं पाण्याच्याच दाबाने मिटतात, ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर सोडतात. आत कोरगुटाचं भात, कारण ते थोडा खार सोसतं. बांधाला एका जागी भगदाड पडलं तरी सगळ्यांच्याच शेतात खारं पाणी. एकट्याने खाजन राखणं शक्यच नाही, इथवर तुमचं-माझं जमतं.

पण एकत्र म्हणजे कोण? १५२६ मध्ये अफोन्सो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने तिसवाडीतल्या गावांचे रिवाज लिहून काढले, महसूल बुडू नये म्हणून. त्यात गावचा कारभार गावकारांच्या हाती, म्हणजे गाव वसवणाऱ्या घराण्यांतल्या पुरुषांच्या. सगळे खर्च भागवून जे उरे त्याचा वाटा, झोण, त्यांनाच.

आमचे आजोबा वर्षातून एकदा कोमुनिदादीच्या (गावकारीचंच पोर्तुगीज नाव) कचेरीत जाऊन झोण आणत. रक्कम एवढीशी की वाटेत इसवण मासा घेतला की संपली. त्यांची थोरली बहीण त्याच घरात राहायची. जन्मभर लावणी केलेली. बांध कुठे भुसभुशीत झालाय हे तिला तळपायाला कळायचं. तिचं नाव झोण घेणाऱ्यांच्या यादीत नव्हतं. रात्री मानस सांभाळणाऱ्या मुंडकाराचंही, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचंही, नव्हतं. मी तिला विचारलं तर भाताची पेज ढवळता ढवळता म्हणाली, "गांवकार म्हळ्यार दादलो." गावकार म्हणजे पुरुष. झालं, विषय संपला.

आता परशुराम. कल्पना म्हणजे थाप असं मी कुठेही म्हटलेलं नाही. आजोबांच्या पेटीत इस्कुदच्या, म्हणजे पोर्तुगीज चलनाच्या, नोटा होत्या. १९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगीज गेले आणि काही काळाने त्यांवर काही मिळेनासं झालं. कागद तोच होता. मी म्हणतो ती कल्पना अशी असते, सगळ्यांनी मानली की चालते. बाणाने समुद्र हटला, मग ९६ कुळं वसवली, ६६ साष्टीत आणि ३० तिसवाडीत, अशी परंपरा सांगते. त्यावरूनच या दोन नावांची फोडही करतात. ही गोष्ट नीट ऐका, तिच्यात आकडे आहेत. आधी कोण आलं, किती घरं आली, याची नोंद गोष्टीतच करून ठेवली आहे. गावोगावच्या सातेरीच्या गाभाऱ्यात मात्र वारूळ असतं. मातीतून उगवलेली देवी, तिच्या गोष्टीत आधी-नंतरचा हिशेब मला तरी सापडत नाही. दोन्हींना आम्ही एकाच दिवशी नमस्कार करतो, ते सोडा.

एक मुद्दा तुम्ही मांडला नाहीत. मांडला असतात तर माझी पंचाईत झाली असती. १९६४ चा कूळ कायदा, १९७५ चा मुंडकार कायदा, १९७६ ची कूळ कायद्यातली दुरुस्ती: कसणाऱ्याला जमीन मिळाली, मुंडकाराला घराखालची. व्हायलाच हवं होतं. पण बांध राखण्याची जी घडी गावकारीत होती ती मोडली. काम कुळांच्या संघटनांकडे गेलं, आणि बऱ्याच ठिकाणी भातापेक्षा मानशीवरच्या मासळीची पावणीच, म्हणजे लिलावच, जास्त फायद्याची ठरली. आमच्या वाड्याखालच्या खाजनात आता तिवर माजलंय. जुनी यादी फाडली हे बरंच झालं, पण बांधावर चिखल टाकायला कुणाला बोलवायचं हेही त्याच यादीत होतं. नवी कशी करायची ते मला सुचलेलं नाही. तुम्हाला सुचलं तर जरूर लिहा, रागावून लिहिलंत तरी चालेल.

भाटकाराचं वाक्य आज दुरुस्त करतो. 'सामायिक कल्पना' तशीच राहील.