डिझेल वाढलं? घाबरू नका, आधी क्लिनर काढा

डिझेल परत वाढलं म्हणून तोंड पाडून बसलेल्या तमाम एका ट्रकच्या मालकांनो, जरा इकडे लक्ष द्या. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत टपरीवर बसून सरकारला शिव्या घालून काही होत नसतं, वर चहाचे पैसे जातात ते वेगळेच. धंदा कसा टिकवायचा ते नीट ऐका.

पहिली गोष्ट, हिशोब करायचा नाही. हिशोब केला की बीपी वाढतं. भरलेली 10 टायर गाडी लिटरला 4 किलोमीटरच्या आसपास देते, पुणे-नागपूर जाऊन येऊन 1400 किलोमीटर, म्हणजे 350 लिटर, म्हणजे डिझेल 1 रुपयाने वाढलं की ट्रिपमागे 350 गेले आणि 5 ने वाढलं की 1750. बघा, सांगितलं होतं ना करू नका म्हणून.

आता हे 1750 काढायचे कोणाकडून? कंपनीकडे जाऊ नका, कंपनी बिचारी प्रामाणिक आहे. चाकणच्या मोठ्या कंपन्या मोठ्या ट्रान्सपोर्टरला लिहून देतात की डिझेल वाढलं की रेट वाढणार, त्याला डिझेल क्लॉज म्हणतात. तुमची गाडी त्या ट्रान्सपोर्टरकडे अटॅच, म्हणजे काम त्याच्यामार्फत. क्लॉज त्याच्या फायलीत, डिझेल तुमच्या टाकीत, अशी ही भागीदारी. तरी भाडं वाढवून मागायची हौस असेल तर मागा, फक्त मागताना मागे वळून बघा, अजून तीन गाड्या परतीच्या भाड्यासाठी उभ्या आहेत आणि त्यातला एक जण "रिकामं जाण्यापेक्षा बरं" म्हणत तुमच्यापेक्षा दोन हजार कमीत ताडपत्री बांधायला लागलाय. मार्केट यार्डात तर अजून मजा, डिझेल वाढलं म्हणून कोथिंबीर महाग होते, डिझेल वाढलं म्हणून कांदा महाग होतो, फक्त तो कांदा ज्याच्यातून आला त्या गाडीचं भाडं तेवढं गेल्या दिवाळीचंच. आणि वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची हमाली, द्यायला विसरू नका हां. ज्याचा माल त्याचा हमाल असं सरकारने सांगून झालंय, पण हमाल उभा असतो गाडीच्या फाळक्यापाशी, ज्याचा माल तो नाही.

तर मग उरतं कोण? क्लिनर. पोरगं पातळ आहे, आवाज करत नाही, त्याला काढा. महिन्याचा पगार वाचला, रोजचं जेवण वाचलं. नियमात अवजड गाडीला क्लिनर लागायचा आणि नसला की ई-चलन यायचं हे खरं, पण त्यावरही आपल्याच लोकांनी उपाय शोधला, 2025 च्या जुलैत महाराष्ट्रातल्या वाहतूकदारांचा संप झाला त्यात ही क्लिनरची सक्तीच काढून टाका अशी मागणी होती. रिव्हर्स घेताना मागे कोण बघणार, टायर पंक्चर झाला तर खंबाटकी घाटात जॅक कोण लावणार, रात्री तीनला ड्रायव्हरशी बोलून त्याला जागं कोण ठेवणार, असले प्रश्न विचारू नका. ड्रायव्हर एकटाच गाणी लावेल. आणि हो, आजपर्यंतचा प्रत्येक ड्रायव्हर आधी क्लिनरच होता, चार-पाच वर्षं टायर ठोकून मग स्टेअरिंगला बसला, त्यामुळे आता क्लिनरच नाही तर पुढचे ड्रायव्हर कुठून येणार असं वाटेल तुम्हाला. नाही येणार. मग गाडीच्या काचेवर "ड्रायव्हर पाहिजे" चिकटवायचं आणि हल्लीच्या पोरांना कष्ट नकोत म्हणून बोंब मारायची, पद्धत आहे तशी.

क्लिनर संपला की भत्ता. ड्रायव्हरला सांगा, बाबा रे धंदा मंदा आहे, समजून घे. तो समजून घेतो, त्याला दुसरं काही येत नसतं. भत्ता कमी केला की तो ढाब्यावर एक वेळ जेवतो आणि झोप कमी करून ट्रिप वाढवतो, हे तर बोनस. ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा केलाय सरकारने, फार चांगलं झालं, फक्त तो लावला की डिझेल जळतं त्यामुळे बटनावर टेप लावून ठेवा.

एवढं करूनही भागत नसेल तर जरा इतिहासाकडून शिका. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे भाव बाजाराच्या हवाली केले, म्हणजे क्रूड (कच्चं तेल) वाढलं की वाढणार आणि पडलं की उतरणार. वाढायचं काम चोख झालं. 2020 च्या मे महिन्यात, जगात तेल कोणी घेत नव्हतं तेव्हा, एका रात्रीत डिझेलवर 13 रुपये एक्साइज वाढली आणि पंपावर उतरायचं ते राहून गेलं. उलट 2021 च्या नोव्हेंबरपासून 2022 च्या मार्चपर्यंत क्रूड चढत असताना पंपावरचा भाव 137 दिवस जागचा हलला नाही, कारण उत्तर प्रदेशात मतदान होतं असं दुष्ट लोक म्हणतात. त्यामुळे माझा सल्ला, ट्रिपचं प्लॅनिंग निवडणूक आयोगाच्या कॅलेंडरवर करा. संप तेवढा करू नका. 2018 च्या जुलैत डिझेल जीएसटीत आणा वगैरे मागण्या घेऊन आठ दिवस देशभर गाड्या उभ्या केल्या होत्या, डिझेल अजून बाहेरच आहे. त्याच महिन्यात सरकारने ट्रकची वजनमर्यादा मात्र वाढवली, 25 टनाची गाडी साडेअठ्ठावीस टनाची झाली, म्हणजे तेवढाच माल कमी गाड्यांत मावायला लागला. उरलेल्या गाड्यांना आराम.

शेवटी ड्रायव्हरलाही काढून स्वतः बसा, आणि दोन-तीन हप्ते थकले की गाडी विकून मोकळे व्हा. गिऱ्हाईक शोधायला लांब जायची गरज नाही, ज्याच्याकडे अटॅच होतात तोच घेईल आणि घेताना उपकारही करेल, म्हणेल चालवायला तूच बस, गाडी तुझ्या हातची आहे. झालात की नोकरदार! आता डिझेल कितीही वाढू दे, तुम्हाला काय त्याचं?

म्हणजे तसं थोडं आहे. साहेब ॲव्हरेज ठरवून देतात. गाडी लिटरला साडेचारची पडली पाहिजे, कमी पडली तर फरकाचं डिझेल पगारातून कट. घाट साडेचारचा नाही, हिंजवडीचं ट्रॅफिक साडेचारचं नाही, टायर गुळगुळीत झालेत, पण शीटवर साडेचार लिहिलंय. मग सगळ्यांना माहीत असलेली आयडिया वापरायची, साताऱ्याकडून येताना नवीन कात्रज बोगदा सोडला की गाडी न्यूट्रल, नाहीतर थेट इंजिन बंद, नवले पुलापर्यंत फुकटात. खरं तर गिअरमध्ये ठेवून पाय काढला तर आताच्या इंजिनात डिझेल जवळपास बंदच होतं आणि न्यूट्रलला उलट आयडलिंगचं जळत राहतं, पण हे साडेचार लिहिणाऱ्याने कधी सांगितलं नाही. इंजिन बंद केलं की ब्रेकला हवा देणारा कॉम्प्रेसर बंद, दोन-चारदा ब्रेक दाबला की टाकीतली हवा संपली आणि ब्रेक पण. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये तिथेच एका अवजड गाडीने कितीतरी गाड्या ठोकल्या, उतारावर इंजिन बंद केलं होतं असं प्राथमिक तपासात निघालं. त्यानंतर रम्बलर आले, कॅमेरे आले, अवजड गाड्यांची वेगमर्यादा खाली आली. शीटवरचे साडेचार तेवढे तिथेच आहेत.

तुमच्यावर तशी वेळ आलीच तर आधी साहेबांना फोन करा. ते तुमचीच चौकशी करतील असं धरून चालू नका, टाकीत किती डिझेल शिल्लक आहे आणि कोणी काढून तर नेत नाहीये ना एवढं बघून ठेवा, ते आधी तेच विचारणार.