मान दुखते म्हणून हेल्मेट काढून ठेवू नका, आधी डोक्याचं माप घ्या

पोस्ट मोठी झालीये, पण बाईकवर लांब जाणाऱ्यांनी आणि विशेषतः "मला मानेचा त्रास आहे म्हणून मी घालत नाही" म्हणणाऱ्यांनी प्लीज पूर्ण वाचा.

मी पुण्यात नोकरीला, माहेर सोलापूर. महिन्यातून एकदा तरी बाईकने जाते, अडीचशे किलोमीटर, साडेतीनशे सीसीची गाडी, पुढे काच वगैरे काही नाही, सगळं वारं थेट अंगावर. गेलं दीड वर्ष असं चाललं होतं की चौफुल्यापर्यंत सगळं मस्त, पण भिगवण आलं की मान जिथे खांद्याला मिळते ना, बरोब्बर तिथे ओढ लागायला सुरुवात व्हायची. टेंभुर्णीला चहाला थांबून हेल्मेट काढलं की मान वळायचीच नाही, कुणी हाक मारली तर अख्खं अंग वळवून बघावं लागायचं. घरी पोचले की आई जाड्या मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकत बसायची, रविवार त्यातच जायचा आणि सोमवारी पहाटे परत तेच डोक्यावर चढवून निघायचं.

घरात सगळ्यांचं एकच, तुझं ते हेल्मेट जड आहे. मामा तर म्हणाले हायवेला पोलिस नसतात तिथे काढून ठेवत जा की, मणके झिजतील. हे मणक्याचं आपल्याकडे फार ऐकायला मिळतं. 1 जानेवारी 2019 पासून पुण्यात सक्ती कडक केली तेव्हाही माझ्या ऑफिसात निम्म्या लोकांचं हेच होतं, मान दुखते, स्पॉन्डिलायटिस होतो. तेव्हा मला ते कारण सांगणं वाटायचं. आता स्वतःवर आल्यावर कळलं की दुखतं, खरंच दुखतं, आणि दुखणाऱ्याला "नाटकं करू नको" म्हणून काही उपयोग नाही. त्याला का दुखतंय ते शोधून दिलं पाहिजे, नाहीतर तो हेल्मेट काढणारच.

तर मी शोधलं. आधी मलाही वजनच वाटत होतं. हिशोब सोपा आहे, माणसाचं डोकंच साधारण साडेचार-पाच किलोचं, त्यावर दीड किलो म्हणजे मानेवरचा भार तीस टक्क्यांनी वाढला. आपल्याकडे मध्यंतरी आयएसआयच्या मानकात 1.2 किलोची वरची मर्यादाही आणली होती, नंतर ती काढून टाकली. म्हणून मी चांगलं हलकं बघून नवीन घेतलं, आणि त्यात मान दुखायची थांबली. थांबली म्हणजे पूर्णच थांबली, पहिल्याच फेरीत. मला वाटलं झालं, वजनच होतं. मग एक दिवस सहज दोन्ही हेल्मेट किचनमधल्या वजनकाट्यावर ठेवली. जुनं 1640 ग्रॅम, नवीन 1490. दीडशे ग्रॅमचा फरक! एक वाटी साबुदाणा. एवढ्याने दीड वर्षाचं दुखणं जातं होय?

तेव्हा माझ्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी मला जुनं हेल्मेट घेऊनच बोलावलं. घालायला लावलं आणि म्हणाल्या आता मान हलवू नका, मी हेल्मेट धरून फिरवते. तर हेल्मेट फिरलं आणि आत माझं डोकं होतं तिथेच! गालाची गादी गालावरून नुसती घसरून गेली. मग टेप लावला, भुवयांच्या जरा वरून, मागे डोक्याचा सगळ्यात फुगीर भाग धरून, 56 सेंटीमीटर. माझं हेल्मेट एल साइजचं, म्हणजे 59-60 वाल्याचं. दुकानात मी मीडियम घातलं होतं, तेच मला जरा मोठं होत होतं खरं तर, पण दुकानदार म्हणाला मॅडम केस असतात, एक साइज मोठंच घ्या, कम्फर्टेबल पडेल. आणि मी घेतलं. माप कुणी घेतलंच नाही, त्याने नाही आणि मी पण नाही.

सैल हेल्मेटचं होतं काय, तर नव्वदच्या स्पीडला वारा ते सतत उचलतो, मागे ओढतो, डावी-उजवीकडे थरथरवतो, आणि आपली मान पाच तास नकळत ते जागेवर धरून ठेवत असते. वजन तर पार्किंगमध्येही तेवढंच असतं, तिथे कुठे दुखतं? वाऱ्याचा जोर स्पीडच्या वर्गाने वाढतो, म्हणजे साठवरून नव्वदला गेलात की स्पीड दीडपट पण जोर सव्वादोनपट. त्यात माझ्या जुन्या हेल्मेटला वर ती चोच होती, अ‍ॅडव्हेंचर टाइप, दिसायला मला जाम आवडायची. ऑफरोडला हळू चालवताना ऊन अडवायला ती चांगली, पण सोलापूर हायवेसारख्या सरळसोट मोकळ्या रस्त्यावर ती पतंगासारखी वारा धरते. बाजूने ट्रक गेला की जो झटका बसायचा तो मी इतके दिवस ट्रकच्या नावावर खपवत होते.

आणि अजून एक, हे बायकांनी नीट वाचा कारण हे मला कुठल्याच बाइकवाल्या पुरुषाने सांगितलं नव्हतं. केसांचा क्लचर. मी केस वर गुंडाळून क्लचर लावायची आणि त्यावरून हेल्मेट. तो मागून हेल्मेटला पुढे ढकलतो, मग पुढची कड भुवयांवर येते, रस्ता दिसावा म्हणून आपण हनुवटी वर करतो, आणि मान मागे मोडून पाच तास बसतो. करून बघा आत्ता, हनुवटी वर करून दोन मिनिटं बसा, कुठे ताण येतो बघा. बरोब्बर तिथेच मला दुखायचं. आता खाली मानेजवळ साधी सैल वेणी घालते, हेल्मेटच्या बाहेर राहील अशी, बास. पाठीवरची लॅपटॉपची सॅक पण मागच्या सीटला बांधायला लागले, तिचे पट्टे त्याच स्नायूंना ओढत होते.

आता मणक्याचं. अपघातात हेल्मेटच्या वजनाने मान मोडते असं छातीठोकपणे सांगणारे लोक मला भेटलेत. 2011 साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी मोटरसायकल अपघातांच्या चाळीस हजारांवर नोंदी तपासल्या होत्या, त्यात हेल्मेट घातलेल्यांना मानेच्या मणक्याला इजा व्हायचं प्रमाण 22 टक्क्यांनी कमी निघालं. कमी! आणि डोक्याचं म्हणाल तर सगळे अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा असाय की हेल्मेटमुळे डोक्याची इजा 69 टक्क्यांनी आणि मृत्यू 42 टक्क्यांनी कमी होतात. मामांना मी हे दोन्ही आकडे वाचून दाखवले.

जे लोक वजन कमी करायला हायवेकडेची दोनशे-तीनशे रुपयांची टोपी घेतात त्यांना कळकळीने सांगते, नका घेऊ. 1 जून 2021 पासून आयएसआय नसलेलं हेल्मेट बनवणं आणि विकणं दोन्हीवर बंदी आहे तरी ती सर्रास मिळतात. हलकी असतात कारण आत काहीच नसतं. आणि घट्ट होतंय, जड वाटतंय म्हणून आतलं थर्माकोल खरवडून काढणारे पण मी पाहिलेत. अहो तो थरच तर दबून धक्का खातो, तो काढला की उरलं काय, नुसतं प्लास्टिकचं भांडं.

घेताना वेळ द्या. टेप घरूनच घेऊन जा. नवीन हेल्मेट गालाला दाबलंच पाहिजे, गाल थोडे फुगून वर आले पाहिजेत, पहिल्यांदा घालणाऱ्याला ते घट्ट वाटतं आणि तिथेच सगळे फसतात. हनुवटीकडून धरून फिरवलं तर गालाची कातडी सोबत फिरली पाहिजे. पट्टा लावून मागची कड धरून वर-पुढे ओढा, निघता कामा नये. आणि दुकानात किमान दहा-पंधरा मिनिटं घालून बसा, दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे. काढल्यावर कपाळावर एकाच जागी लाल वण आणि ठणका असेल तर त्या हेल्मेटचा आकार तुमच्या डोक्याचा नाही, दुसरी कंपनी बघा. डोकी गोल असतात, लांबट असतात, साइज तीच असून बसत नाही असं होतं.

मॅडमनी दोन व्यायाम दिलेत, हनुवटी सरळ मागे ढकलून डबल चिन केल्यासारखं दहा सेकंद धरायचं, आणि तळवा कपाळाला लावून डोकं पुढे रेटायचं पण हलू द्यायचं नाही. भिगवणला आणि मोहोळला थांबले की करते. हातात मुंग्या येत असतील, बोटं बधिर होत असतील तर मात्र हे व्यायाम करत बसू नका, सरळ डॉक्टरकडे जा.

गेल्या आठवड्यात घरी गेले तेव्हा बाबांची स्कूटर अंगणात होती आणि हेल्मेट नेहमीसारखं आरशाला अडकवलेलं. ते घालतच नाहीत, अर्ध्या तासात डोकं ठणकतं म्हणतात, आणि आम्ही सगळे त्यांच्यावर ओरडतो. या वेळी ओरडले नाही, आईच्या शिलाईच्या डब्यातला टेप आणला आणि माप घेतलं. बाबांचं डोकं भरलं 60 सेंटीमीटर. हेल्मेट उलटं करून आतलं लेबल बघितलं तर मीडियम, स्कूटरबरोबर शोरूममध्ये हातात दिलेलं, सहा वर्षांपूर्वी. बाबा म्हणाले, "मला वाटलं सगळ्यांनाच असं टोचत असंल." पुढच्या फेरीला त्यांना घेऊन दुकानात जाणार आहे.